दांडा खाली ठेवायची मुभा

श्रमाला प्रतिष्ठा असते, असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांना बहुधा श्रम चुकलेले असतात. मला हे वाक्य एका साध्या वस्तूवर घासून बघायचंय. हिरवळ कापायचं, हातानं ढकलायचं मशीन. पुण्यातल्या बंगल्यांच्या आवारात तुम्ही पाहिलं असेल. दोन चाकं, मधे पिळाच्या पात्यांचा रूळ, खाली एक स्थिर पातं. ढकललं की चाकाबरोबर रूळ फिरतो, कात्रीसारखं गवत कापतो. वीज नको, पेट्रोल नको.

इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं ते काढलं. लोकरी कापडावरची लव कातरायचं गिरणीतलं यंत्र बघून त्याला हे सुचलं. पेटंट १८३० चं. त्या कागदातच त्यानं लिहून ठेवलंय की, गावाकडच्या बड्या मंडळींनी हे स्वतः चालवलं तर त्यांची करमणूक होईल, तब्येतही सुधारेल. म्हणजे जन्मापासून दांडा एक नि अर्थ दोन. मालकानं धरला तर व्यायाम. गड्यानं धरला तर चाकरी.

आता पुण्याच्या हिरवळीवर या. पालवणकर बाळू. चांभाराचा पोरगा. १८९० च्या आगेमागे पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडायला नि रूळ फिरवायला लागला, महिना तीन रुपयांवर. पुढं गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. खेळपट्टी करायची, जाळी बांधायची, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट कुणी कधी हातात दिली नाही. मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा त्यांना हा चेंडू आठवला. मैदानात तो चालला. चहाच्या सुट्टीत मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच हातानं शंभरावर गडी टिपले. (१९३७ साली ते बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले नि पडले. तो हिशेब वेगळा.)

प्रतिष्ठा श्रमातच असती तर ती रुळाच्या दांड्यातून बाळूच्या हातात चढायला काय हरकत होती?

गांधीवादी म्हणतात, वरच्यांनी हातानं काम करावं, मग भेद मिटेल. माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक रोज सकाळी असं मशीन ढकलतात. घाम येतो, बरं वाटतं म्हणतात. मी हसत नाही. चांगली गोष्ट आहे. पण श्रावणात गवत ओलं होतं, गुडघ्याला लागतं. तेव्हा ते पात्यांखाली नुसतं लवतं, रूळ अडतो. मग प्राध्यापक दांडा खाली ठेवतात आणि माळ्याला निरोप जातो. तो एमरी नि तेल लावून रूळ उलटा फिरवतो, पात्यांना धार आणतो. स्क्रू आवळून दोन पात्यांत कागदाची पट्टी घालतो. ती कचकन कापली गेली की जमलं. नुसत्या आवाजावरून त्याला कळतं कुठं घासतंय. ही विद्याच आहे. सरकारी भाषेत हा 'अकुशल'.

तेव्हा माझ्या मते फरक घामात नाही, मशीनमध्ये नाही. तो दांडा खाली ठेवायच्या मुभेत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी महारकीत साहेबाच्या घोड्यासाठी गवत वाहिलं, तेव्हा भारा खाली टाकायची सोय नव्हती. म्हणून १९४५ साली बाबासाहेबांनी गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू घेतली. यंत्रानं माणसाला सवड मिळते, सवडीतून माणूस घडतो, हे त्यांचं म्हणणं. पण सवड कुणाला मिळते, हे यंत्र ठरवत नाही.

हे सगळं दुसऱ्यांना सुनवायला सोपं आहे. पण आपल्यातलेच एक अधिकारी, नवं घर, पुढं हिरवळ, हॉलमध्ये बाबासाहेबांची मोठी तसबीर. मशीन ढकलणारा पोरगा मातंग वस्तीतला. त्याला चहा दिला, कप घरातलाच, चांगला. पण पायरीवर. मी विचारलं, आत का नाही? तर म्हणाले, "अरे, त्याचे पाय चिखलाचे आहेत." बाहेर नळ होता. पाय धुवून आत ये, असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. पोराला सुचलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. अधिकाऱ्यांचा राग आला.

येत्या बैठकीत हे मी मांडणार आहे. साहेबांना बोलावलंय. पोरालाही निरोप दिलाय, पण रोज बुडतो म्हणून तो येईल का, सांगता येत नाही. वर्गणीतून त्याचा रोज द्यायचा का, ते आधी ठरवू.