रकान्याबाहेरची माणसे

माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे जबलपूरला राहते. यंदा ती नववीत आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मामा, विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज ह्या विषयावर प्रकल्प करायचा आहे. आराखडा तेवढा तुम्ही करून द्या. तुमचे तर कामच ते." कारकुनाजवळ तक्ता मागणे म्हणजे हलवायाजवळ साखर मागण्यासारखेच. मी तत्काळ होकार दिला.

विषयासाठी दूर जावे लागले नाही. जबलपूरजवळच नर्मदेवर बरगीचे धरण आहे. नर्मदेवर योजलेल्या मोठ्या धरणांपैकी पूर्ण झालेले हे पहिले धरण. १९९० मध्ये ते पुरे झाले. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर, उंची सुमारे सत्तर मीटर, विजेचे पंचेचाळीस मेगावॅटचे दोन संच. अर्ध्या तासात मी बारा रकान्यांचा तक्ता आखला. उंची, लांबी, वीज, ओलिताखालचे क्षेत्र, बुडीत क्षेत्र, बाधित गावे, कुटुंबातील माणसांची संख्या, सारे यथास्थित. शेवटी बेरजेची ओळसुद्धा सोडली होती.

पुढल्या रविवारी आम्ही जलाशयावर गेलो. काठावर एक वृद्ध गृहस्थ जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांचे गाव पाण्याखाली गेलेले. भाचीने कागद काढून विचारले, "बाबा, घर में कितने लोग हैं?" त्यांनी मान वर केली आणि उलट विचारले, "तब के, कि अब के?"

भाचीची पेन्सिल थांबली. माझ्या बारा रकान्यांत 'तेव्हा' आणि 'आता' अशी सोय नव्हती. क्षणभर वाट पाहून ते गृहस्थ म्हणाले, "जो ठीक लगे, लिख लो बिटिया," आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. प्रकल्पाचा आराखडा करणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब आहे काय? इतकी वर्षे सरकारी टेबलावर काढल्यावर मला तरी तसे म्हणता येत नाही. ज्याला रकाना नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा विचार नाही, हे आम्हां कारकुनांइतके कोणाला ठाऊक असणार? निर्णय वरिष्ठ घेतात. पण कशाकशाचा निर्णय घ्यायचा हे पुष्कळदा रकाने आखणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. तो मनाने दुष्ट नसतो. त्याच्यापुढे कागदाची रुंदी तेवढी असते.

बरगीचीच गोष्ट पाहा. मंडला, सिवनी आणि जबलपूर ह्या जिल्ह्यांतील एकशे एक गावे बुडतील असा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाणी चढले तेव्हा एकशे बासष्ट गावांना त्याची झळ लागली. पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वस्त्याही त्यात सापडल्या. त्या एकसष्ट गावांतील माणसे कोणाच्या शत्रुत्वामुळे बेघर झाली नाहीत. ती तक्त्यात नव्हती. त्यांतील आणि इतर बुडीत गावांतील कित्येकजण पुढे ह्याच जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागले. त्यांच्या रिक्षांतून आपल्यासारखी माणसे कचेरीत गेली आणि वाटेत भाड्याची घासाघीस करीत राहिली.

ह्या पत्रिकेचे बहुतेक वाचक माझ्यासारखेच बदलीची माणसे आहेत. गाव सुटण्याचे दुःख आपल्याला परके नाही. परंतु आपल्या सुटण्याला आदेश असतो, क्रमांक असतो, सामान नेण्याचा खर्च असतो, नव्या जागी रुजू होण्यापूर्वी मुदत असते. मुख्य म्हणजे मागे सोडलेले गाव जागेवर असते. दिवाळीला रजा मिळाली की तिकीट काढता येते. आपल्या विरहालासुद्धा रकाना आहे! काठावरच्या त्या वृद्धाला कोणत्या स्थानकाचे तिकीट मिळणार?

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माणसाचे दुःख तक्त्यात बसवणे हाच मुळी उद्धटपणा नव्हे काय? शाळकरी मुलीने कागद घेऊन ज्याचे घर बुडाले त्याला प्रश्न विचारावे, आणि त्या उत्तरांवर बक्षीस मिळवावे? माझ्याही मनात हे आले. पण खोल विचार करता असे दिसते की, त्या एकसष्ट गावांचे नुकसान मोजण्याने झाले नाही. न मोजण्याने झाले. मोजणे सोडून देणे हा उपाय नव्हे. काय मोजायचे हे ज्याचे त्याला विचारून ठरवणे, हा उपाय. आणि विज्ञान तरी दुसरे काय सांगते? ह्याच नर्मदेच्या काठी, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ पासून २००२ पर्यंत शाळांतून एक विज्ञानशिक्षणाचा उपक्रम चालला. मुलांनी पाठ्यपुस्तकातले उत्तर घोकू नये, स्वतः पाहावे, करावे, विचारावे, ही त्याची रीत. पाहिलेले आणि आखलेले जुळले नाही तर आखलेले बदलायचे, हा विज्ञानाचा पहिला धडा. नीतीचाही तोच असावा.

म्हणून आम्ही जुना तक्ता बाजूला ठेवला. आता रकाने भाची स्वतः आखते आहे. प्रत्येक प्रश्नाला 'तेव्हा' आणि 'आता' असे दोन भाग आहेत. 'आणखी काय विचारायला हवे होते?' हा प्रश्न शेवटी आहे आणि त्याचे उत्तर समोरच्याने द्यायचे आहे. कालव्याचे पाणी मिळालेल्या नरसिंहपूरकडच्या शेतकऱ्यालाही विचारायचे आहे, कारण त्याच्या शेतातले पीकही खरेच आहे. एका बाजूचे अश्रू दाखवण्यासाठी दुसऱ्या बाजूचे धान्य लपवणे न्यायाचे नव्हे. आणि पहिले पान आमच्याच घराचे आहे. नर्मदेचे पाणी आमच्या नळाला येते. दिव्यातली वीज कोणत्या धरणाची हे दिवा सांगत नाही, पण तो लावताना आम्ही कधी विचारलेही नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्वतःचे नाव तक्त्यात घालावे, एवढे तरी सौजन्य असावे.

शाळेत मात्र धरणाची प्रतिकृती करावी, पाणी सोडताच छोटा दिवा लागेल अशी योजना असावी, असे सुचवले गेले आहे. परीक्षकांना ते आवडते म्हणतात. काल रात्री भाचीने विचारले, "मामा, ह्या प्रकल्पाला गुण कमी पडले तर?"

पडतील, असे मला वाटते. तिला तसे सांगण्याचा धीर झाला नाही, आणि प्रतिकृती कर असे म्हणण्याचाही झाला नाही. तिनेच थोड्या वेळाने कागद पुढे ओढला आणि कामाच्या यादीत अखेरची ओळ लिहिली : प्रकल्प पुरा झाल्यावर एक प्रत हिंदीत करून बरगीच्या बाबांना वाचून दाखवणे, चुकले असेल तर दुरुस्त करणे.

माझ्या आराखड्यात ही ओळ नव्हती.