कलम ९५ चा हिशेब

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातलं कलम ९५ वाचायला दोन मिनिटं पुरतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा शॉक (ईसीटी) द्यायचा नाही. मनोविकारावरचा इलाज म्हणून नसबंदी करायची नाही. रुग्णाला साखळीनं बांधायचं नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना शॉक द्यायचा नाही. या शेवटच्या मनाईला पुढच्याच उपकलमात एक दार ठेवलं आहे: उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाला ईसीटी आवश्यक वाटली, तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आगाऊ परवानगी घेऊन ती देता येते.

या बंधनाच्या मी बाजूचा आहे. २००१ साली तमिळनाडूत एर्वाडीला लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. तो इतिहास असलेल्या देशात मुलाच्या मेंदूवरचा उपचार एकट्या डॉक्टरच्या सहीवर सोडू नये. पण मनाई म्हणजे बिनखर्चाचं काम, ही आपल्या राज्यकर्त्यांची समजूत मला घातक वाटते. टेक्सासनं १९९३ मध्ये १६ वर्षांखाली सरसकट बंदी घातली. तिथे कोणाला परवानगीच द्यायची नसल्यामुळे मंडळही लागत नाही. आपण दार ठेवलं. दार ठेवलं की दारावर माणूस बसवावा लागतो.

इथे एक नाही, सहा माणसं आहेत. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेची न्यायिक व्यक्ती अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्था यांच्यातून दोघं. त्यांचं मानधन, प्रवास, कचेरी, कारकून हे सगळं कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली यायला हवं. २०१३ मध्ये विधेयक मांडलं गेलं तेव्हा त्याच्या वित्तीय ज्ञापनात एकूण खर्चाचा अंदाजही नव्हता आणि केंद्र-राज्यांची वाटणीही नव्हती. पुढे २०१९ मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासकांनी संपूर्ण कायद्याच्या अंमलबजावणीचा आकडा काढला: वर्षाला ९४,०७३ कोटी रुपये. केंद्राच्या आरोग्य खात्याची त्या वर्षीची सगळी तरतूदही याहून कमी होती. आपल्याकडे कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, तरी मंडळांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

आता समजा, सिंधुदुर्गातली १६ वर्षांची एक मुलगी कॅटॅटोनियात गेली. बोलत नाही, गिळत नाही, हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. आधी लोराझेपाम देऊन बघतात, पुष्कळांना त्यानंच उतार पडतो. हिला पडला नाही. अशा वेळी ईसीटी प्राण वाचवू शकते. अमेरिकेच्या एफडीएनंही २०१८ मध्ये १३ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांच्या कॅटॅटोनियासाठी ईसीटीच्या यंत्रांवरचे निर्बंध सैल केले. आपल्या कायद्यातलं तातडीच्या उपचारांचं कलम ९४ मात्र ईसीटीला मुद्दाम वगळतं. म्हणजे मंडळ बसेपर्यंत थांबणं आलं. तोवर नाकातून नळी, सलाईन, अंगाला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाबाहेर आई बसून, वडिलांचा रोज बुडालेला. मंडळाची बैठक तीन दिवसांत झाली की तीन आठवड्यांत, यावर हा खर्च अनेक पटींनी बदलतो. त्यातला रुग्णालयाचा वाटा खाटेच्या खर्चात मिसळून जातो आणि आईवडिलांचा वाटा कुठल्याच वहीत चढत नाही. कलम ९५ च्या नावावर शून्यच दिसतं.

परवानगी न मिळणं आणि मंडळ न बसणं यात त्या मुलीच्या दृष्टीनं काहीच फरक नाही. तरतूद नसेल, तर संसदेनं उघडं ठेवलेलं दार कारकुनाच्या अभावी बंद होतं आणि टेक्साससारखी बंदी चर्चा न होता आपल्याकडे लागू होते. किंवा डॉक्टर कागद टाळून उपचार करतात, आणि ज्या मुलांसाठी हे कलम लिहिलं तीच पुन्हा उघड्यावर येतात.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक मंडळासाठी वेगळी रक्कम, व्हिडिओवरून ४८ तासांत बैठक, आणि दरवर्षी अर्थसंकल्पासोबत चार आकडे: मुलांसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, आणि अर्ज व निर्णय यांच्यात किती दिवस गेले.