जागा करून देणं



दिल्लीहून रात्री निघालेली राणीखेत एक्स्प्रेस पहाटे काठगोदामला पोचते. तिथं रूळ संपतात आणि कुमाऊंचे डोंगर सुरू होतात. पिंडारी हिमनदीच्या वाटेला लागणारी आपली मराठी मंडळीही पाठीवर सॅक घेऊन याच गाडीनं जातात.

स्लीपरच्या डब्यात रात्री जरा पाहा. मधला बर्थ उघडला, की खालच्याला ताठ बसता येत नाही. मग तो वेळेवर आडवा होतो. कुणी बर्थची साखळी हलक्या हातानं अडकवतं. कुणी आपली सॅक आत सरकवून वाट मोकळी करतं. कुणाची कुणाशी ओळख नसते. तरी प्रत्येक जण जागा करून देतो, म्हणून सगळ्यांनाच झोप लागते.

डोंगरातही हेच. अरुंद पायवाटेवर समोरून ओझ्याची खेचरं आली, की जाणता माणूस दरीची कड सोडतो. डोंगराच्या अंगाला सरकून उभा राहतो. जागा करून देतो. खेचरं पुढे जातात आणि त्याचाही जीव सांभाळला जातो.

मंडळी, जागा करून देणारा लहान होत नाही. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणं, ही जागा करून देणंच. चुकलेल्याला सावरायला वेळ देणं, हेही जागा करून देणंच.

आज घरात, कामावर, रस्त्यात कुठंतरी अडेल. तेव्हा समोरचा हलण्याची वाट पाहू नका. आधी तुम्ही सरका. जागा करून द्या.