रस्त्याचा हक्क आणि सायकलस्वार

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा आपल्या सहाबांना रस्त्यावर बैठक मारण्यास मनाई केली. सहाबांनी विनंती केली की, आम्हाला बसण्या-बोलण्यास दुसरी जागाच नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) एका अटीवर परवानगी दिली. रस्त्याला त्याचा हक्क द्यावा, ही ती अट. तो हक्क कोणता, असे विचारल्यावर त्यांनी नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामाचे उत्तर देणे, भलाईचा आदेश देणे आणि वाईटापासून रोखणे या गोष्टी सांगितल्या. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

आपल्याकडे या हदीसवर बयान होते ते बहुधा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या तरुणांना उद्देशून, आणि बोलले जाते ते नजरेविषयी. ‘कोणाला त्रास न देणे’ हा भाग आपण घाईत वाचून पुढे जातो. बंधू-भगिनींनो, आज शहराच्या रस्त्यावर हा त्रास कोणाच्या वाट्याला येतो, हे जरा पाहू या.

पुण्याचेच उदाहरण घ्या. हे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता तेथे मोटारी आणि दुचाकींची गर्दी आहे, तरी सायकल संपलेली नाही. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी करून परतणारा पहारेकरी, बांधकामावर निघालेला गवंडी आणि शाळकरी मुले आजही सायकलवरच असतात. यांतील अनेकांसाठी सायकल ही हौस नसून बसभाड्याची बचत आहे. स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांच्यासाठी सायकलमार्ग बांधले गेले. त्यांवर दुचाकी उभ्या राहतात, हातगाड्या लागतात, आणि सायकलस्वाराला पुन्हा भरधाव वाहनांमध्ये उतरावे लागते. त्याच्याभोवती पोलादी कवच नाही. त्याच्या घंटीचा आवाज बंद काचेच्या आत पोहोचत नाही.

प्रेषितांची (स.) शिकवण आहे की, वाहनावर बसलेल्याने पायी चालणाऱ्यास आधी सलाम करावा. भाष्यकारांनी याची एक हिकमत अशी सांगितली आहे की, उंचावर बसलेल्याच्या मनात गर्व शिरू नये. म्हणजे ज्याचे वाहन मोठे, त्याच्यावर सौजन्याची जबाबदारी आधी. आपण हा क्रम उलटा केला आहे. मोठ्या वाहनाने हॉर्न वाजवावा आणि लहान वाहनाने कडेच्या खड्ड्यात उतरावे, हीच जणू आपली सलामाची रीत झाली आहे.

फिकहच्या ग्रंथांत हा विषय किती बारकाईने आला आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. इमाम मरगीनानी (रह.) यांचा 12व्या शतकातील ‘अल-हिदाया’ आजही हनफी मदरशांत शिकवला जातो. सार्वजनिक रस्त्यावरून जाणे प्रत्येकास मुबाह आहे, परंतु इतरांच्या सलामतीच्या अटीवर, असे मूलतत्त्व त्यात मांडले आहे. जनावराने कोणास तुडवले, तर स्वार जबाबदार. चालत्या जनावराने मागच्या पायाने लाथ मारली, तर मात्र स्वार जबाबदार नाही, कारण चालताना ते टाळणे त्याच्या हाती नसते. परंतु त्यानेच जनावर रस्त्यात उभे केले असेल, तर त्या लाथेचाही तो जबाबदार, कारण उभे न करणे त्याच्या हाती होते. (कोकणातील शाफई वाचकांनी ध्यानात घ्यावे की, त्यांच्या फिकहमध्ये जनावरासोबत असणाऱ्यावरची जबाबदारी याहूनही व्यापक आहे.) आता सायकलमार्गावर उभी केलेली मोटार डोळ्यांपुढे आणा. मागे न पाहता तिचा दरवाजा उघडला जातो आणि मागून येणारा सायकलस्वार त्यावर आदळतो. मोटार तर उभीच होती, ही सबब आपल्या फुकहांनी आठशे वर्षांपूर्वीच बाद केली आहे.

दुसरी सबब याहून गंभीर आहे. सायकलस्वार दगावला की, ‘त्याची वेळ आली होती’, असे म्हटले जाते. मृत्यूची वेळ अल्लाहने ठरवली आहे, हा आपला ईमान आहेच. पण त्या ईमानाची ढाल करून स्वतःचा अपराध झाकता येत नाही. सूरह निसाच्या 92व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा हुकूम आला आहे. वारसांना दियत द्यावी, त्यांनी माफ केल्यास गोष्ट वेगळी. गुलाम मुक्त करावा आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवावेत. ज्यांच्याशी करार आहे अशा समाजातील मृताचाही उल्लेख त्याच आयतीत आहे. म्हणून रस्त्यावर पडलेला माणूस कोणत्या धर्माचा, हे विचारून जबाबदारी हलकी होत नाही. 1993 साली ब्रुनेई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही वाहनामुळे इतरांच्या जिवास वा मालास झालेल्या हानीस चालक जबाबदार असल्याचा निर्णय दिला; टाळणे अशक्य होते, किंवा चूक दुसऱ्याची होती, एवढेच अपवाद ठेवले.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 नुसार जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या त्रयस्थ माणसास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती असते. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ अशा माणसाला संरक्षण देते. तेव्हा पडलेल्या सायकलस्वाराला वळसा घालून निघून जाण्यास आता तेही निमित्त उरलेले नाही.

सायकलस्वारावरही हक्क आहेत. मागे लाल परावर्तक लावणे, अंधारात दिवा ठेवणे, उलट दिशेने न जाणे, कानात गाणी लावून न चालवणे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण त्यालाही लागू आहे.

परंतु सर्वाधिक त्रास आपल्या घाईतून होतो, आणि खेदाची गोष्ट अशी की, ही घाई कधी कधी इबादतीच्या नावाने होते. रमजानमध्ये मगरिबपूर्वीची पंधरा मिनिटे आपल्या मोहल्ल्यांतील रस्त्यांवर कशी असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. अखेरच्या हजमध्ये अरफातहून परतताना प्रेषितांनी (स.) मागे उंटांना मारण्याचा आणि ओरडण्याचा गलका ऐकला, तेव्हा लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि पुण्य वेगात नसते, हे समजावले. स्वतःच्या उंटणीचा लगाम त्यांनी इतका ओढून धरला होता की, तिचे डोके खोगिराला टेकू पाहत होते. गर्दीत ते संथ चालत आणि मोकळी जागा मिळाली तरच वेग वाढवीत. जमाअत उभी राहिली तरी मस्जिदीकडे धावत न येता शांतपणे यावे, हाही त्यांचाच आदेश आहे.

जुमाच्या दिवशी मस्जिदीसमोर काय होते, हे विश्वस्त मंडळींनी एकदा फाटकाबाहेर उभे राहून पाहावे. रस्त्याची डावी कड मोटारी आणि दुचाकींनी भरते, आणि तेथून जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला बस व ट्रकच्या वाटेत ढकलले जाते. खुतबा ऐकणाऱ्याची गाडी बाहेर कोणाचा तरी हक्क अडवून उभी असते. दोन-चार स्वयंसेवक, दोरीचा एक पट्टा आणि वाहने लांब उभी करून शंभर पावले चालण्याची तयारी, एवढ्याने ती कड मोकळी राहू शकते. मस्जिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य लिहिले जाते, त्यामुळे त्या शंभर पावलांविषयी नमाजींची तक्रार नसावी. फाटकाजवळची जागा सायकलवरून येणाऱ्या नमाजींसाठी राखावी. वुजूखान्याच्या भिंतीलगत लोखंडी कठडा लावला तर त्यांना कुलूपही घालता येईल.