ऐकवण्याचा धर्म

आपल्याला जे उत्कटपणे आवडले ते दुसऱ्यालाही आवडावे अशी इच्छा मनुष्याला का व्हावी, आणि त्या इच्छेच्या पूर्तीसाठी तो जे काही करतो त्याला सदाचाराचे काही नियम लागू होतात की नाही, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल; परंतु ज्याने संगीतावर मनापासून प्रेम केले आहे, आणि स्नेह्यासोबत्यांना घरी बोलावून एखादी अपरिचित ध्वनिमुद्रिका त्यांना आग्रहाने ऐकवली आहे, त्याला या प्रश्नाचे गांभीर्य निराळे सांगावे लागणार नाही. भूक एकट्याची असते आणि ती एकट्यालाच शमवावी लागते; रसास्वाद मात्र दुसऱ्यापर्यंत पोहोचल्यावाचून स्वस्थ बसू देत नाही. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त यांनी 'सहृदय' रसिकाची जी कल्पना मांडली तिच्यात हेच गृहीत आहे की, कलाकृतीचे सार्थक तिच्याशी एकरूप होणाऱ्या हृदयात होते. आणि असे एक हृदय जागे झाले की ते दुसऱ्याचा शोध घेऊ लागते. या शोधालाच व्यवहारात आपण शिफारस म्हणतो. ती धर्म्य केव्हा ठरते आणि अधर्म्य केव्हा, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल मी मुद्दाम असे संगीत घेतो की ज्याची शिफारस आमच्या भंडारा जिल्ह्यात सहसा कोणी करीत नाही : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे फंक, आणि त्याच्या पोटी जन्मलेले हिप हॉप. ज्यांचे कान भजनांवर, भीमगीतांवर आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईतल्या दंडारीवर व खडीगमतीवर घडले, त्यांना हा गोंगाट कशासाठी, अशी हरकत घेतली जाते. तिचे उत्तर तालातच आहे. तत्पूर्वीच्या अमेरिकन लोकप्रिय संगीतात चार मात्रांपैकी दुसरीवर व चौथीवर वजन देण्याची वहिवाट होती. गायक जेम्स ब्राऊन यांनी, विशेषतः १९६७ च्या 'कोल्ड स्वेट' या गाण्यापासून, ते पहिल्या मात्रेवर आणून ठेवले, आणि मधल्या अवकाशात प्रत्येक वाद्याला आपापल्या वाटेने जाण्याची मुभा देऊन त्या पहिल्या मात्रेवर मात्र सर्वांना हजर राहण्याचा दंडक घातला. समेवर येण्याचे सुख ज्याला ठाऊक आहे, त्याला या संगीताच्या दारात थांबवून ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

२० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झालेले 'फंकी ड्रमर' हे गाणे घ्या. उत्तरार्धात ब्राऊन इतर वादकांना थांबवतात, आणि ढोलवादक क्लाइड स्टबलफिल्ड यांना करामत न दाखवता आहे तोच ताल चालू ठेवावयास सांगतात. पुढची आठ आवर्तने, सुमारे वीस सेकंद, फक्त ढोल वाजतो. उजवा हात झांजेच्या जोडीवर अखंड बारीक ठोके देत राहतो. डावा हात दोन ठळक आघातांच्या मधल्या जागेत इतके हलके स्पर्श पेरतो की प्रथम ते ऐकूच येत नाहीत, केवळ तालाला आलेला झोल तेवढा अंगाला जाणवतो. स्टबलफिल्ड यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. चॅटनूगा गावातील कारखान्यांच्या आणि आगगाडीच्या आवाजांतून आपल्याला ताल मिळाला असे ते सांगत. मोहाडी-आंधळगावच्या कोष्ट्यांच्या आळीत कोशाच्या मागांचा खटका ऐकत जे वाढले, त्यांना या कथनाची सत्यता पटवावी लागत नाही.

या वीस सेकंदांना पुढे जे भाग्य लाभले त्याची पूर्वपीठिका न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून एक नाचाची मैफल भरवली, आणि तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, जो पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्धीस आला, तेथे तबकड्या वाजवू लागला. गाण्यात जेथे केवळ ताल उरतो तेथे नाचणारे विशेष खुलतात हे ध्यानी घेऊन, एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर चढवून तो क्षणिक तुकडा लांबवीत नेण्याची युक्ती त्याने सिद्ध केली. पुढे असे तुकडे जोडूनच नवी गाणी रचली जाऊ लागली. ही निर्मिती की चोरी, असा वाद आजही घातला जातो. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी सौंदर्याची लय सिद्ध होते असे प्रतिपादन केले होते. त्या कसोटीला लावून पब्लिक एनिमी या समूहाचा १९८८ चा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' हा अल्बम ऐकला तर असे दिसते की, त्यात उसने तुकडे परस्परांशी भांडतात, एकमेकांना सावरतात आणि त्या संघर्षातूनच एक नवी आकृती उभी राहते. निर्मितीचा हक्क त्यांना नि:संशय आहे. देणे फेडण्याची जबाबदारी मात्र त्या हक्काने फिटत नाही, आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

शिफारशीचा पहिला नियम असा की, लपवू नये. स्पर्धकांना कळू नये म्हणून हर्कने आपल्या तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरील नावांची लेबले काढून टाकली, ही हकीकत सर्वज्ञात आहे. पाली ग्रंथांत कृपणपणाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतला एक प्रत्यक्ष धम्माविषयीचा आहे : आपल्याला जे कळले ते इतरांना कळू नये अशी वासना. पोटापाण्यासाठी सांभाळलेल्या गुपिताला मी या सदरात घालीत नाही. ज्याची उपजीविका त्यावर चालते त्याला तेवढी सवलत दिली पाहिजे. परंतु ज्या रसिकाचे काहीच बुडणार नसते, तोही दुर्मिळ अल्बमचे नाव ओठांत धरून बसतो, तेव्हा त्याला संगीतापेक्षा स्वतःची थोरवी अधिक प्रिय असते. आमच्याकडील मालगुजारी तलावाचे पाणी पाटाने बांध्यांत उतरले तरच धान पिकते. अडवून धरलेल्या पाण्याला तलावाची शोभा असते, पण पीक येत नाही. घराण्यांच्या उस्तादांनी पेटीबंद ठेवलेल्या चिजा पंडित भातखंडे यांनी आर्जवाने, कधी शिष्यत्व पत्करून, मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सर्वांस खुल्या केल्या. त्यांचे ते कार्य मी दानधर्मातच गणतो.

दुसरा नियम असा की, दात्याचे नाव पुसू नये. आमच्या जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली, म्हणजे स्टबलफिल्ड यांनी तो ताल वाजवला त्याच हंगामात, नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी अवशेषांवर ब्राह्मी लिपीत दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. ज्यांनी एखादा स्तंभ वा फळी दिली त्या सामान्य माणसांचा दाखला दोन सहस्र वर्षे दगडाने जपला. आणि ज्याच्या आठ आवर्तनांवर हजाराहून अधिक गाणी उभी राहिली, तो स्टबलफिल्ड त्या गाण्यांच्या उत्पन्नातून जवळजवळ काहीही न मिळता २०१७ साली निवर्तला, कारण कागदोपत्री 'फंकी ड्रमर' ब्राऊन यांच्या नावावर होते. कायद्याने जे दिले नाही ते देणे आपल्या हाती नसेल. पण हे संगीत ऐकवताना त्याचे नाव उच्चारणे आपल्या हाती आहे, आणि जो ते उच्चारीत नाही त्याची शिफारस अपुरी आहे, असे माझे मत आहे.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भंडारा-गोंदियाच्या गावोगावच्या विहारांत जी धम्मवंदना म्हटली जाते तीत धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले आहे : या, स्वतः पाहा, असे ज्याविषयी म्हणता येते ते. त्याच वंदनेत हेही आहे की सुज्ञाने ते आपल्या ठायी जाणावयाचे असते. या दोन्ही गोष्टी मिळून शिफारशीचे संपूर्ण शास्त्र होते. रुची तर्काने सिद्ध करता येत नाही, हुकुमाने लादता येत नाही. फक्त बोलावता येते, आणि बोलावलेल्याला परत जाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. म्हणून एकच यादी सर्वांच्या हाती देणे मला अप्रशस्त वाटते. तबलजीला प्रथम 'फंकी ड्रमर' ऐकवावे. मंडईत दोन शाहिरांचा सवाल-जवाब पहाटेपर्यंत ऐकत बसणाऱ्याला पब्लिक एनिमीचे शब्दयुद्ध आपलेसे वाटेल. ज्याला मंद्र सप्तकाची ओढ आहे त्याला अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा १९९१ चा 'द लो एन्ड थिअरी' द्यावा. त्यातील एका गाण्यात जॅझचे थोर वादक रॉन कार्टर यांचा भारदस्त बास आहे. आणि ज्याला रागदारीचा अभिमान आहे त्याच्यापुढे चरणजितसिंग यांचा 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ठेवावा : हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील या वादकाने १९८२ साली मुंबईत यंत्रांच्या तालावर दहा राग वाजवले, त्या वेळी कोणी फारशी दखल घेतली नाही, आणि २०१० मध्ये पुन:प्रकाशन झाल्यावर जगभरचे रसिक थक्क झाले.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. हे संगीत दास्याच्या व दारिद्र्याच्या वेदनेतून आले. आपण ते बैठकीत बसून चाखावे, हा परदु:खाचा उपभोग नव्हे काय? साधारणीकरणाचा सिद्धान्त सांगतो की रसात वेदना कोणा एकाची राहत नाही. या सिद्धान्ताविषयी आदर बाळगूनही मला म्हणावेसे वाटते की, काही वेदनांवरील नाव पुसले जाणे हाच त्यांच्यावर झालेला अन्याय असतो. आणि महाराष्ट्राला हे नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केले; १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार प्रभृतींनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले. समुद्रापलीकडच्या दु:खात त्यांनी आपली कैफियत ओळखली, आणि ओळखल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेशी या हिप हॉप समूहाने आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' रचले, तेव्हा ब्राँक्सचा ताल आरेच्या जंगलाची बाजू मांडू लागला. ऐकणारा जेव्हा असे उत्तर देतो, तेव्हा उपभोगाचा आरोप आपोआप रद्द होतो.

म्हणून माझी श्रद्धा अशी की, चांगले ऐकवणे हे दानच आहे, पण त्याची पूर्तता देणाऱ्याकडून होत नाही. लपवले नाही, नाव पुसले नाही, सक्ती केली नाही, एवढ्याने दात्याचे कर्तव्य संपते. पुढचे घेणाऱ्याने करावयाचे असते. त्याने नाकारले तर स्नेहात उणेपणा येऊ न देणे, आणि स्वीकारून त्याने उलट आपल्याला दंडारीतले, भीमगीतातले किंवा आपल्याला ठाऊक नसलेले काही ऐकवले तर तितक्याच नम्रतेने कान देणे, हे ज्याला साधले त्यानेच दुसऱ्याला काही ऐकवावे.