डेंजरचा धनी कोण?

विजेच्या खांबावरच्या कवटीखाली ‘डेंजर’ वाचताना कोणाला कुणा मालकाची आठवण होत नाही. पण या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘डोमिनस’मध्ये, म्हणजे धन्यात आहे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता सत्ता, दुसऱ्याला इजा करू शकण्याचा अधिकार. चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरने धर्मन्यायालयाचा एक लाचखाऊ प्यादा रंगवला आहे. परगण्यातली तरुण मंडळी त्याच्या ‘डेंजर’मध्ये होती, म्हणजे चक्क त्याच्या मुठीत! शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्येही भर न्यायालयात कर्जदार अँटोनिओ सावकार शायलॉकच्या ‘डेंजर’मध्ये उभा आहे.

1611 च्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, भावावर विनाकारण रागावणारा माणूस न्यायाच्या ‘डेंजर’मध्ये असतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जबाब द्यायला बांधलेला’. इथलं संकट आंधळं नाही. त्याला न्यायाधीश आहे.

मग धनी नसलेल्या संकटाचं काय?

1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनमध्ये भूकंप झाला. चर्च भरलेली असताना छपरं कोसळली. हे दयाळू ईश्वराच्या जगात कसं बसवायचं, असा फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरचा सवाल होता. पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्र लिहिलं: सहा-सात मजल्यांची हजारो घरं काही निसर्गाने बांधली नव्हती. उत्तर जरा निष्ठुरच, पण धनी शोधणारी नजर त्याने आभाळावरून बांधकामाकडे वळवली.