ठेव

मामंजींचं घड्याळ दुरुस्तीहून घरी आलं त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्या दिवशी वाद एवढा रंगला की वाढलेली पानं तशीच राहिली, अंधार पडला आणि मग जेवणाचा प्रश्नच उरला नाही.

घड्याळ तसं साधंच. मामंजी निपाणीकडून दुकानदारीसाठी पेडणे तालुक्यात आले आणि कोरगावात स्थिरावले, तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. परदेशी माल सहज मिळे. पणजीला घेतलेलं हे चावीचं स्विस घड्याळ. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते आपल्या मनगटावर होतं, असं मामंजी अभिमानाने सांगत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याला चावी द्यायची, हा त्यांचा नेम.

ते गेल्यावर घड्याळ कपाटात पडून राहिलं. आपली हवा दमट. अशा हवेत पोलादी भागांना गंज चढतो, आतलं तेल सुकून चिकट होतं. दोन-चार तास चालायचं, थांबायचं. यंदा ह्यांनी मनावर घेतलं आणि म्हापशाच्या एका वयस्क घड्याळजीकडे ते सर्व्हिसिंगला दिलं. तीन आठवड्यांनी परत आणलं तर घड्याळ बंद, आणि तबकडीवरची निम्मी अक्षरं पुसलेली.

घड्याळजीचं म्हणणं, "तबकडी आधीच गेलेली होती आणि बॅलन्सचा दांडाही आधीच मोडलेला होता." ह्यांचं म्हणणं, "दिलं तेव्हा घड्याळ चालत होतं."

बॅलन्स म्हणजे आतलं इवलंसं झुलतं चाक. बहुतेक जुन्या घड्याळांत ते तासाला १८,००० वेळा इकडून तिकडे झुलतं. ते ज्या दांड्यावर बसवलेलं असतं त्याची टोकं केसासारखी बारीक असतात. पुढच्या काळातल्या घड्याळांत धक्का सोसायची सोय आली, ह्यात ती नव्हती. टोक मोडलं तर नवा दांडा आणायचा कुठून? आपल्या एचएमटीचं बघा ना. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, २०१६ साली सरकारने तिची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. तरी तिची घड्याळं देशात इतकी की सुटे भाग अजून मिळतात. क्वार्ट्झच्या लाटेत बुडालेल्या जुन्या स्विस कंपन्यांचे भाग मात्र अनेकदा दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातून काढावे लागतात.

ह्यांनी वीस हजारांची भरपाई मागायची ठरवली. भाचा वकील. तो म्हणाला, "मामा, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडेही पाठवतो. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ आहेच. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची." मग विचारलं, "पावतीवर घड्याळाची अवस्था लिहिली होती?" पावतीवर फक्त नाव आणि तारीख होती. तेव्हा भाचा म्हणाला, "मग दहा हजारांवर मिटवा. निम्मं त्याचं, निम्मं आपलं."

सगळ्यांना ते पटलं. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

कारण घड्याळ द्यायच्या आदल्या दिवशी कपाट आवरताना ते माझ्या हातून फरशीवर पडलं होतं. मी कानाला लावलं. टिकटिक नव्हती. पण ते तसंही मधूनच थांबायचं, अशी मी मनाची समजूत घातली, रुमालात गुंडाळलं आणि सकाळी ह्यांच्या हातात दिलं. खोटं मी एक शब्द बोलले नव्हते. नुसती गप्प राहिले होते. बायांनो, ही गप्प राहण्याची कला आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. बशी फुटली, दूध उतू गेलं, पैसे कमी भरले, आपण गप्प राहतो आणि घरात शांतता नांदते.

त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणी पाठशाळेत घोकलेलं तत्त्वार्थसूत्र आठवलं. सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यात न्यासापहार आहे, म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडवणं. आपल्याला वाटेल हा चोरीच्या खात्यातला दोष. पण तो मांडला आहे सत्याणुव्रताच्या अतिचारांत. टीकाकारांनी दिलेलं उदाहरण असं: ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर ठेव सांभाळणारा म्हणतो, "हो, तेवढीच होती." त्याने काही पळवलेलं नाही. फक्त दुसऱ्याचा गैरसमज दूर केला नाही.

मला वाटलं, ह्याच तराजूला दुसरं पारडंही आहे. ठेवणाऱ्याने मोडकं देऊन धड मागितलं तर? माझ्या मौनामुळे आमचं घर एका म्हाताऱ्या कारागिराकडे न दिलेली वस्तू मागत होतं. आणि भाच्याचा निम्म्यानिम्म्याचा तोडगा? त्यात भांडण मिटलं असतं, पण खरं काय ते कुणालाच बोलावं लागलं नसतं. तडजोड वाईट नव्हे. पण खरं बोलून झाल्यावर केलेली तडजोड आणि खरं बोलावं लागू नये म्हणून केलेली तडजोड, ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

सकाळी ह्यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत. चहाही घेतला नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "चल म्हापशाला."

घड्याळजीसमोर मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ भिंगाकडे बघत राहिला. मग खणातून कागदाची पुडी काढली. त्यात मोडका दांडा जपून ठेवलेला. "हा मी उघडलं तेव्हाच मोडलेला होता, बाई," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, खाली मान घालून, "तबकडी मात्र माझ्या हातून गेली. डाग काढायला गेलो, अक्षरंच उठली."

हे त्याने आधी का नाही सांगितलं? मी त्याच्या जागी उभी राहून पाहिलं. खरं बोलल्याबद्दल माझ्या वाट्याला दोन दिवसांचा अबोला आला. त्याच्या वाट्याला वीस हजार येणार होते, आणि बाजारातलं नाव जाणार होतं ते वेगळंच. सत्य सगळ्यांना सारख्या भावात मिळत नाही. म्हणून मला वाटतं, वादात आधी कुणी बोलायचं हे ठरवायचं असेल तर ज्याला खरं बोलणं स्वस्त पडतं त्याने आधी तोंड उघडावं. त्याने समोरच्याचा दोष माफ होत नाही. पण समोरच्याला आपला दोष कबूल करायला जागा मिळते.

मग हिशेब सोपा झाला. दांड्याचा खर्च आमचा. तबकडी गेली म्हणून त्याने मजुरी घेतली नाही. नवी अक्षरं छापून देतो म्हणाला, ह्यांनी नको सांगितलं. वीस हजार हा आकडा मुळात आला कुठून, हेही तेव्हा कळलं. त्यात घड्याळाची किंमत थोडी आणि मामंजींची आठवण जास्त होती. आठवण आपली असते. तिची किंमत दुसऱ्याच्या बिलात धरता येत नाही.

आता जुनी वस्तू दुरुस्तीला देताना मी चार गोष्टी करते. देण्याआधी फोटो काढते. पावतीवर वस्तूची अवस्था लिहून घेते. तबकडीला हात लावायच्या आधी विचारा आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्या, असं सांगते. आणि वस्तू पडली असेल तर पडली म्हणून सांगते. पहिल्या तीन गोष्टी समोरच्यावर नजर ठेवण्यासाठी आहेत, चौथी स्वतःवर.

दांडा मिळायला चार महिने लागले. घड्याळ आता चालतं, दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडतं. पुसलेल्या तबकडीवर चारचा आकडा दिसत नाही, सातचा अर्धाच दिसतो. सकाळी चावी मीच देते. मोडका दांडा त्या पुडीतच आहे, कपाटात, घड्याळाच्या शेजारी.